चावीआधीचे पैसे

नागपूरच्या मिहानमध्ये नव्याने रुजू होणाऱ्याचा पहिला पगार महिनाअखेरीस हातात येतो. घरासाठीची रक्कम मात्र त्याच्या आधी, चावी मिळण्यापूर्वीच मोजावी लागते. ती किती असते आणि तिच्यातले किती पैसे कायमचे जातात, हे कुणी कागदावर मांडत नाही. म्हणून आधी तोच हिशेब करू.

बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूला १२,००० रुपये भाड्याचा एक साधा वन बीएचके धरा. मालक दोन महिन्यांचे डिपॉझिट मागतो, म्हणजे २४,०००. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, १२,०००. एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी १२,०००. ‘ॲग्रीमेंटचे’ म्हणून अडीच हजार, ‘पोलीस व्हेरिफिकेशनचे’ पाचशे, सामान चढवायचे म्हणून अपार्टमेंटच्या असोसिएशनला एक हजार. बेरीज ५२,०००. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज असलेल्या नवख्या इंजिनिअरच्या हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आतबाहेर पडतात. म्हणजे पहिला पगार यायच्या आत दोन पगार खर्च झालेले असतात, आणि ते बहुतेक वेळा वडिलांच्या बचतीतून किंवा मित्राकडून उसने घेतलेले असतात.

या ५२,००० मधले डिपॉझिट परत मिळेल असे समजू. भाडे तर द्यायचेच होते. उरले १६,०००. हे पैसे पुन्हा दिसत नाहीत. अकरा महिन्यांवर वाटले तर महिन्याला साडेचौदाशे होतात, म्हणजे बारा हजारांचे म्हणून घेतलेले घर साडेतेरा हजारांना पडते. सहाव्या महिन्यात पुण्याला प्रोजेक्ट मिळून जावे लागले, तर हाच बोजा महिन्याला २,६०० च्या वर जातो. यातला सरकारचा वाटा किती? लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण हद्दीत ५००. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आणि तेही संपूर्ण मुदतीचे भाडे अधिक डिपॉझिटवरचे दहा टक्के दराने काढलेले व्याज एवढ्याच रकमेवर. आपल्या उदाहरणात ते साडेतीनशेच्या जवळपास येते, पुढच्या शंभरापर्यंत वाढवले तरी चारशे. दस्त हाताळणीचे थोडे पैसे धरूनही सरकारी खर्च दोन हजारांच्या आत राहतो. बाकी १४,००० रुपये कशासाठी गेले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दलाली दर ठिकाणी एकसारखी नसते. नागपुरात पंधरा दिवसांच्या भाड्यापासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत ती मागितली जाते, आणि बरेचदा मालकाकडूनही तेवढीच. मुंबईकर वाचकाला यात नवल वाटणार नाही. बंगळुरूत एकेकाळी दहा महिन्यांचे डिपॉझिट सर्रास चालत असे, त्या मानाने नागपूर स्वस्तच म्हणायचे. पण मिहानची गोष्ट वेगळी आहे ती इथे घर शोधणारा कोण आहे यामुळे.

मिहान म्हणजे विमानतळाला लागून चार हजार हेक्टरांहून मोठ्या जागेवर उभा राहत असलेला प्रकल्प. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. खापरी, दहेगाव, कलकुही, तेल्हारा, शिवणगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. पुढे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, हेक्सावेअर आल्या. एअर इंडियाचे विमान दुरुस्ती केंद्र आले, दसॉ आणि रिलायन्सचा विमानांच्या सुट्या भागांचा कारखाना आला, औषधनिर्मिती आली. आयआयएमचे आवार मे २०२२ मध्ये आणि एम्सचे डिसेंबर २०२२ मध्ये रीतसर खुले झाले. प्रकल्पाचे वेळापत्रक अनेकदा पुढे ढकलले गेले, त्यावर नागपुरात पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. पण माणसे मात्र आली. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, बालाघाट, रायपूरहून आलेली विशी-पंचविशीतली मुले-मुली, केरळ-राजस्थानातून एम्समध्ये आलेल्या परिचारिका, निवासी डॉक्टर, कंत्राटी तंत्रज्ञ. यांचे नागपुरात कुणी नातेवाईक नाहीत. रुजू होण्याची तारीख ठरलेली असते आणि हाताशी दोन-चार दिवस असतात.

अशा माणसाला घर नाकारायची मुभा नसते. सीताबर्डी-धरमपेठेत वाढलेला माणूस मामाच्या ओळखीने खोली मिळवतो आणि दलालाला एक पैसाही देत नाही. परगावचा माणूस ते करू शकत नाही. शहराशी ज्याचे नाते सर्वात कमी, त्याच्यावरच आगाऊ खर्चाचा बोजा सर्वात जास्त. मेट्रोने थोडी सोय केली. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाड्या सुरू झाल्यावर मार्गावरच्या जुन्या वस्त्यांतली घरेही आवाक्यात आली. पण खापरी स्टेशनपासून कंपन्यांची आवारे दूर पडतात, आणि रात्रीच्या शिफ्टच्या माणसाला ऑफिसच्या बसच्या थांब्याजवळच घर लागते. म्हणून मागणी वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना एकवटते: सोमलवाडा, मनीषनगर, बेलतरोडी, बेसा, चिंचभवन, आणि पुढे जामठ्यापर्यंत.

या पट्ट्यातली बरीच घरे गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत. मिहान येणार म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेणारे मालक आज पुण्यात, मुंबईत, कधी अमेरिकेत राहतात. त्यांच्या वतीने चावी एजंटकडे असते. घर दाखवणे, नळ गळतो का ते पाहणे, भाडेकरू निघून गेला की कुलूप लावणे ही कामे तोच करतो. ही सेवा खरी आहे आणि ती मालकाला हवी आहे. गावांच्या बाजूला याउलट चित्र दिसते. शिवणगाव किंवा खापरीत ज्यांची शेती गेली अशा काही कुटुंबांनी उरलेल्या जागेवर ओळीने खोल्या बांधल्या आणि त्या बांधकाम मजुरांना, सुरक्षा रक्षकांना भाड्याने दिल्या. तिथे दलाल नाही, डिपॉझिट नाममात्र, करार तोंडी. या भाडेकरूचा पैसा वाचतो, पण त्याच्याजवळ कागदही नसतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुन्हा फ्लॅटकडे येऊ. बेसा चौकापासून आत गेले की विजेच्या खांबांवर ‘टू-लेट’चे कागद चिकटवलेले दिसतात. वन बीएचके, टू बीएचके, सेमी-फर्निश्ड, ‘ओन्ली फॅमिली’, आणि खाली मोबाइल नंबर. नंबर मालकाचा असेल या समजुतीने फोन लावावा तर पलीकडे एजंट. तो बजेट विचारतो, किती जण राहणार विचारतो, आडनाव विचारतो. मग सांगतो की तो फ्लॅट कालच गेला, पण तसेच आणखी तीन आहेत, ‘व्हिजिटिंग चार्ज’ दोनशे रुपये पाठवा, संध्याकाळी दाखवतो. फेसबुकच्या आणि व्हॉट्सॲपच्या गटांतही हाच क्रम असतो, खांबाच्या जागी स्क्रीन येते एवढाच फरक.

एजंटची बाजू ऐकल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. त्यांच्या भाषेत ‘पार्टी कटते’. चार-चार घरे दाखवायची, पेट्रोल जाळायचे, आणि मग पार्टीने वॉचमनकडून मालकाचा नंबर मिळवून परस्पर सौदा करायचा, असे वारंवार होते. दिवसभर फिरून हाती काहीच न लागणारे एजंट पुष्कळ आहेत. त्यातले कित्येक स्वतः बेकारीतून या धंद्यात आलेले तरुण आहेत, कुणी दिवसा दुसरीकडे काम करून संध्याकाळी घरे दाखवतात. त्यांना पोट आहे आणि त्यांच्या श्रमाला मोल मिळायलाच हवे. माझा आक्षेप त्यांच्या असण्याला नाही. ज्याने त्यांना कामाला लावले त्याने सगळे पैसे न देता, ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्याकडूनही ते वसूल होतात, आणि तेही काम होण्याआधी, याला आहे.

आधी घेतलेल्या पैशांचे दोन प्रकार सर्वात त्रासदायक ठरतात. एक व्हिजिटिंग चार्ज, तो घर पसंत पडो न पडो परत मिळत नाही. त्यामुळे न पटणारी घरे दाखवण्यातही कमाई होते आणि मुळात रिकामे नसलेले घर जाहिरातीत ठेवण्यातही. दुसरा टोकन. ‘आज टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे’ असे म्हणून दोन-पाच हजार घेतले जातात. मालकाने नंतर नकार दिला, कुणाला ‘बॅचलर नको’, कुणाला ‘नॉनव्हेज नको’, की टोकन परत मिळवताना नाकी नऊ येतात. पावती नसते, फोन पे वर नुसती एक नोंद असते. याच सवयीचा फायदा फसवे लोकही घेतात. जाहिरातीवर फोन करणाऱ्याला आपण लष्करात किंवा निमलष्करी दलात आहोत, बदली झाली आहे, फ्लॅट भाड्याने देतो, असे सांगून ऑनलाइन आगाऊ रक्कम उकळण्याचा प्रकार देशभर घडला आहे. हवाई दलाचे मोठे ठाणे असलेल्या नागपुरात ही बतावणी सहज खरी वाटते. घर पाहण्याआधी पैसे देणे ही रीतच पडली नसती, तर या फसवणुकीला आधारच मिळाला नसता.

आडनाव विचारण्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. एजंट मालकाच्या आवडीनिवडीची चाळणी आपल्या हातात घेतो. दलित किंवा मुस्लिम मुलामुलींना ‘मालक नाही म्हणतात’ हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते, दीक्षाभूमीच्या या शहरातही. जिथे नकार मिळणार हे एजंटला ठाऊक आहे, तिथेही आधी व्हिजिटिंग चार्ज घेतला जातो. इथे आगाऊ पैशांचा प्रश्न फक्त खिशाचा राहत नाही.

कायदा काय म्हणतो? आधी थोडा इतिहास पाहू, कारण नागपूरचा इतिहास मुंबईपेक्षा निराळा आहे. नागपूर मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत इथे १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू झाला. त्याप्रमाणे भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधीच मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. त्याच आदेशात रिकाम्या घराची माहिती मालकाने प्रशासनाला द्यावी आणि प्रशासनाने ते घर सरकारी सेवेतल्या माणसाला देण्याचा हुकूम काढावा अशीही तरतूद होती. म्हणजे रिकामे घर आणि घर शोधणारा यांची गाठ घालून देण्याचे काम राज्याने स्वतःकडे घेतले होते. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. तिने मालकांना घरे भाड्याने देण्यापासूनच परावृत्त केले, आणि सरकारी नोकरी नसलेल्याला तिचा काहीच उपयोग नव्हता. पण घर मिळवून देण्याचे काम सार्वजनिक असू शकते, हे या शहराला अगदीच नवे नाही.

मुंबईत १९४७ चा भाडे कायदा होता. भाडेकरार करताना मालकाने, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी, भाड्याखेरीज पागडी किंवा तत्सम रक्कम घेणे हा त्यात गुन्हा होता. पागडी तरीही चाललीच, फक्त चोरून. हे सर्व कायदे मागे टाकून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून राज्यभर लागू झाला. त्याच्या ५६व्या कलमाने मालकाला करार करताना प्रीमियम किंवा तशी रक्कम घेण्याची कायदेशीर मुभा दिली. जे आधी गुन्हा होते ते रीतसर झाले. या कायद्यात मालक आहे, भाडेकरू आहे, परवानाधारक आहे. मधला माणूस कुठेच नाही.

त्याच कायद्याचे ५५वे कलम मात्र भाडेकरूच्या फार कामाचे आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करेपर्यंत. कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. असे असताना नागपुरात आजही पुष्कळ करार स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीकडून शिक्का मारून घेतलेले असतात, आणि त्यासाठीच ‘ॲग्रीमेंट चार्ज’ घेतला जातो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ज्या कामाचे पैसे घेतले ते कामच झालेले नसते. खरी नोंदणी आता आधार आणि बोटांच्या ठशांच्या आधारे, निबंधक कार्यालयात न जाता ऑनलाइन होते. पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहितीही मालकाला ऑनलाइन भरता येते. तेवढ्यासाठी एजंटला पाचशे रुपये देण्याचे कारण नाही.

अकरा महिन्यांची प्रथा हाही असाच एक निष्कारण खर्च आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून अकरा महिन्यांचे करार देशभर रूढ झाले. महाराष्ट्रात २००० नंतर मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते, म्हणजे अकरा महिन्यांचा मूळ हेतूच उरलेला नाही. मुद्रांकाचा पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे, त्यामुळे तीन वर्षांचा करार करूनही फारसा फरक पडत नाही, उलट नोंदणी फी एकदाच लागते. तरीही अकरा महिने चालू आहेत. का? दर अकरा महिन्यांनी भाडेवाढ करता येते हे एक कारण. दुसरे हे की दर नूतनीकरणाला एजंटला पुन्हा काहीतरी मिळते, कुठे अर्धी दलाली, कुठे पुन्हा ‘ॲग्रीमेंट चार्ज’. त्याच घरात, त्याच मालकाकडे, तोच भाडेकरू राहत असतो. दाखवायला नवे घर नाही, शोधायला नवा माणूस नाही. हा पैसा कोणत्या सेवेचा, याचे उत्तर मला आजवर कुठे सापडलेले नाही.

मग एजंटवर कुणाचे नियंत्रण आहे? अनेकांना वाटते, महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे. एजंटच्या कार्डावर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पण रेरा कायदा खरेदी-विक्रीचा आहे. त्यातल्या एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, आणि भाड्याने घर घेणारा त्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. म्हणजे साठ लाखांचा फ्लॅट विकणारा एजंट नोंदणीकृत हवा आणि बारा हजारांचा फ्लॅट भाड्याने देणारा कुणीही चालतो. गुमास्ता परवाना दुकान असल्याचे सांगतो, दलाली किती घ्यावी हे सांगत नाही. हरियाणात २००८ पासून मालमत्ता दलालांना परवाना घ्यायला लावणारा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात भाड्याच्या दलालांसाठी तसे काही नाही.

उरतो १८७२ चा करार कायदा, आणि तो वाटतो त्यापेक्षा बळकट आहे. अभिकर्त्याचा मोबदला, वेगळा करार नसेल तर, काम पुरे झाल्यावरच देय होतो, असे २१९वे कलम सांगते. गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याचा मोबदल्यावरचा हक्क जातो, असे २२०वे. या कायद्यापुढे एजंटची स्थिती अवघड होते. तो भाडेकरूचा अभिकर्ता असेल, तर भाडे कमी करून घेणे, घरातली ओल आणि पाण्याची टंचाई सांगणे, भाडेकरूचे हित पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे. तो मालकाचा अभिकर्ता असेल, तर भाडेकरूने त्याला पैसे देण्याचा आधार काय? व्यवहारात तो मालकाचा माणूस असतो, चावी मालकाची, सूचना मालकाच्या, पुढच्या वर्षीचे कामही मालकाचे. फक्त पैसे दोघांचे असतात. पैसे घेऊन सेवा दिली म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. पण दोन हजारांच्या टोकनसाठी रात्रपाळी करणारी मुलगी तारखांना जाईल का? आणि पावती नसताना दाखवणार काय?

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. निवासी घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, करार भाडे प्राधिकरणाला कळवावा, वाद लवकर मिटावेत, अशा त्यातल्या तरतुदी चांगल्या आहेत. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. स्वीकारला तरी आपला प्रश्न सुटणार नाही, कारण त्यातही दलालीवर मर्यादा नाही.

जगात हा प्रश्न सोडवला गेला आहे, आणि ज्यांनी तो सोडवला ते आपल्यापेक्षा भाबडे नव्हते. जर्मनीत भाडेकरूकडून दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत दलाली घेतली जात असे. १ जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच पैसे द्यायचे असा नियम आला. दलाल त्याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने नियम योग्य ठरवला. स्कॉटलंडमध्ये अशा शुल्कांवर जुनीच बंदी होती, ती २०१२ मध्ये निःसंदिग्ध करण्यात आली. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून दलाली, चौकशी शुल्क, नूतनीकरण शुल्क घेणे बेकायदा आहे. घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचे भाडे घेता येते, डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत, आणि पहिल्याच उल्लंघनाला पाच हजार पौंडांपर्यंत दंड. न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूला वार्षिक भाड्याच्या १५ टक्क्यांपर्यंत दलाली द्यावी लागत असे. तिथे जून २०२५ पासून, मालकाच्या एजंटचे पैसे मालकाने द्यायचे असा नियम झाला. मिहानमधल्या कंपन्यांचे लोक कामासाठी लंडनला जातात, तेव्हा त्यांना या संरक्षणाचा लाभ मिळतो. बेशात त्याच कंपनीच्या माणसाला तो मिळत नाही.

याविरुद्ध नेहमी सांगितला जाणारा मुद्दा असा की मालकाने दलाली दिली तर तो ती भाड्यात घालेल. घालू दे. बारा हजारांची दलाली बारा महिन्यांच्या भाड्यात मिसळली तर महिन्याला हजार रुपये वाढतील. पण मग ते आकडे जाहिरातीत दिसतील, घराघरांची तुलना करता येईल, सहा महिन्यांत निघणारा सहाच महिन्यांचे देईल, आणि पहिल्या दिवशी बारा हजार उसने आणावे लागणार नाहीत. शिवाय मालक दलालाशी घासाघीस करू शकतो, कारण त्याच्याकडे घर आहे आणि एजंट पुष्कळ आहेत. परगावहून आलेल्या मुलाकडे ती ताकद नाही. मालक पैसे मोजायला लागला की दलालीचा दर खाली येईल, असे मला वाटते.

कायदा बदलण्याआधीही मिहानमध्ये काही करता येईल, कारण इथले मालक-भाडेकरू विखुरलेले असले तरी नोकरी देणारे एकाच कुंपणात आहेत. मोठ्या कंपन्यांनी नव्या माणसांना पहिल्या महिन्यात डिपॉझिटपुरती बिनव्याजी उचल दिली, तर निम्मी अडचण संपते. पगारातून सहा हप्त्यांत ती कापून घेता येते. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, एम्स आणि विमानतळ विकास कंपनी यांनी मिळून थेट मालकांची घरे नोंदवणारा एक फलक चालवला, तर अनेकांना दलालाची गरजच उरणार नाही. शहरी गरीब आणि स्थलांतरितांसाठी परवडणारी भाड्याची घरे बांधण्याची केंद्राची योजना २०२० मध्ये जाहीर झाली, नोकरदार महिलांच्या वसतिगृहांचीही योजना आहे. मिहानजवळ अशा जागा वाढल्या, तर आल्या दिवशी घर घेण्याची सक्ती राहणार नाही. महिनाभर वसतिगृहात राहून, गावाची माहिती करून घेऊन सावकाश घर शोधता आले, की टोकनच्या धाकाला कुणी बळी पडणार नाही.

भाडेकरूने तोवर काही गोष्टी स्वतः पाळाव्यात. घर पाहण्याआधी एक पैसाही देऊ नये. टोकन मालकाच्याच खात्यावर, ‘घर न मिळाल्यास परत’ असे लिहून घेऊनच द्यावे. दलाली नोंदणीकृत कराराची प्रत हातात आल्यावरच द्यावी, आणि पावती मागावी. पावती मिळत नसेल तर व्हॉट्सॲपवर रक्कम आणि कारण लिहून एजंटचा होकार घ्यावा, तोही पुरावा आहे. मालक तयार असेल तर करार अकराऐवजी तेहेतीस महिन्यांचा करावा. असोसिएशनच्या शुल्काबाबतही सावध राहायचे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असा राज्याचा २००१ चा आदेश आहे, आणि ते मालकाने द्यायचे असते. पण नागपुरातल्या बऱ्याच योजना १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत, तिथे हा आदेश थेट लावता येत नाही. म्हणून ‘सामान चढवण्याचे’ पैसे कोणत्या ठरावाने घेता, हे असोसिएशनला लेखी विचारावे.

राज्याकडून मात्र एकच छोटी गोष्ट आजच मागता येईल, आणि तिला विधिमंडळाची वाट पाहावी लागू नये. लिव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणी अर्जात मालकाचे नाव असते, भाडेकरूचे असते, भाडे, डिपॉझिट, मुदत असते. त्यात आणखी दोन रकाने घालावेत: हा व्यवहार कुणाच्या मध्यस्थीने झाला, आणि त्याला कुणी किती रुपये दिले. लाखो करार दरवर्षी या अर्जातून जातात. वर्षभरात राज्याला कळेल की बेशात दलाली किती आहे, वाकडला किती, ठाण्यात किती, नूतनीकरणाला किती घेतली जाते, आणि कोण एकाच व्यवहारात दोन्हीकडून घेतो. मग मर्यादा किती ठेवायची, मालकाने किती द्यायचे, यावर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आकडे समोर ठेवून बोलता येईल, आणि १९९९ च्या कायद्यात आजवर नसलेला तो तिसरा माणूस दुरुस्तीने आणता येईल.